डॉ. रखमाबाई

डॉ. रखमाबाई (जन्म : मुंबई, २२ नोव्हेंबर १८६४, मृत्यू : मुंबई, २५ सप्टेंबर १९५५) या भारतात प्रत्यक्ष वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या पहिल्या पिढीतील स्त्री-डॉक्टरांपैकी एक होत. बालपणी झालेला विवाह मान्य करून पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. त्यातून उद्भवलेला दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा खटला (१८८४–१८८८) एकोणिसाव्या शतकातील सर्वांत गाजलेल्या सामाजिक खटल्यांत गणला जातो. या खटल्यामुळे त्यांचे नाव इतिहासात नोंदले गेले. मात्र त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग न्यायालयात नव्हे, तर रुग्णालयात गेला. सुरत व राजकोट येथे सुमारे ३५ वर्षे त्यांनी स्त्रियांच्या रुग्णालयांची धुरा वाहिली आणि पुरुष डॉक्टरपुढे जाणे ज्यांना रूढीमुळे अशक्य होते, अशा स्त्रियांपर्यंत आधुनिक उपचार पोहोचविले.

बालपण व कौटुंबिक पार्श्वभूमी

रखमाबाईंचा जन्म मुंबईतील सुतार समाजातील एका सुस्थितीतील कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे नाव जयंतीबाई. जयंतीबाईंचा विवाह चौदाव्या वर्षी झाला, पंधराव्या वर्षी त्यांना कन्या झाली आणि सतराव्या वर्षी त्यांना वैधव्य आले. त्या वेळी रखमाबाई अवघ्या अडीच वर्षांच्या होत्या. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती. त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी पुनर्विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात ते अध्यापन करीत. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत जे दोन भारतीय होते, त्यांपैकी ते एक होत. रखमाबाईंच्या जडणघडणीवर या सुधारक वृत्तीच्या सावत्र वडिलांचा खोल ठसा उमटला. रोगाचे कारण शोधावे, शरीराविषयी अज्ञान बाळगू नये, ही दृष्टी त्यांना घरातच लाभली.

त्यांच्या नावापुढे आज राऊत हे आडनाव सर्रास लावले जाते. ते सखाराम अर्जुन यांचे आडनाव आहे. न्यायालयीन कागदपत्रांत व डॉक्टर म्हणूनही त्या केवळ रखमाबाई याच नावाने ओळखल्या गेल्या.

विवाह

वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह सखाराम अर्जुन यांच्या नात्यातील दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. दादाजी त्या वेळी १९ वर्षांचे होते व त्यांची आर्थिक स्थिती बेताची होती. त्यांनी घरजावई म्हणून राहावे, शिक्षण घ्यावे आणि योग्यतेस चढावे, असे ठरले होते. विवाहानंतर काही महिन्यांनी रखमाबाई वयात आल्या, तेव्हा रूढीनुसार गर्भाधानाचा संस्कार व्हावयाचा होता. इतक्या कोवळ्या वयात पतिपत्नींचा सहवास होणे मुलीच्या प्रकृतीस अपायकारक आहे, या भूमिकेतून डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्यास संमती दिली नाही.

दादाजींचे मन शिक्षणात रमले नाही. ते आपले मामा नारायण धुरमाजी यांच्याकडे राहावयास गेले व पुढे कर्जबाजारी झाले. रखमाबाई मात्र माहेरीच राहिल्या. विवाहाबरोबर त्यांचे शालेय शिक्षण थांबले होते, तरी मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांनी घरीच इंग्रजीचा अभ्यास केला. प्रार्थना समाज व आर्य महिला समाज यांच्या कार्याशीही त्यांचा संबंध आला. अशा रीतीने सुमारे ८ वर्षे गेली. या काळात पतिपत्नी एकदाही एकत्र राहिले नाहीत.

खटला

मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्नीला नांदावयास पाठविण्याची मागणी केली व पुढे मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या प्रस्थापनेसाठी दावा दाखल केला. रखमाबाईंनी पतीची निर्वाहाची असमर्थता, त्याची प्रकृती व मामाच्या घरातील वातावरण ही कारणे पुढे केली. त्याही पलीकडे, अजाण वयात आपल्या संमतीवाचून झालेला विवाह आपल्यावर बंधनकारक मानता येणार नाही, अशी त्यांची मूलभूत भूमिका होती. अशी भूमिका न्यायालयापुढे उघडपणे घेणे ही त्या काळी अभूतपूर्व गोष्ट होती.

खटल्याची सुनावणी होण्यापूर्वी एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. त्याच वर्षी रखमाबाईंनी एक हिंदू स्त्री या अर्थाच्या इंग्रजी टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियामध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य या विषयांवर दोन पत्रे लिहिली. या पत्रांनी मोठी खळबळ उडाली.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती रॉबर्ट हिल पिन्ही यांनी दादाजींचा दावा फेटाळला. पतिपत्नी कधी एकत्र राहिलेच नसतील तर सहजीवनाची पुनःस्थापना करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, अशी त्यांची विचारसरणी होती. या प्रकारचा दावा मुळात इंग्लंडमधील धर्मन्यायालयांच्या परंपरेतून भारतात आला होता. खुद्द इंग्लंडमध्ये अशा निवाड्याचा भंग केल्याबद्दल होणारी कैदेची शिक्षा १८८४ मध्ये रद्द झाली होती. भारतात मात्र ती कायम होती.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती सर चार्ल्स सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी हिंदू धर्मशास्त्रानुसार विवाहास वधूची संमती आवश्यक नसल्याचे ग्राह्य धरून पिन्ही यांचा निर्णय फिरविला आणि खटला फेरसुनावणीसाठी पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी अंतिम आदेश दिला. त्यानुसार रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असे दोनच मार्ग उरले. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी जाहीर केली.

या प्रकरणाने महाराष्ट्रातील सुशिक्षित समाजात सरळ फळी पडली. बेहरामजी मलबारी व एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. बाळ गंगाधर टिळकांसह अनेकांनी हिंदू धर्मावरील व कुटुंबसंस्थेवरील आघात म्हणून त्यांच्या भूमिकेला कडाडून विरोध केला. अखेर जुलै १८८८ मध्ये दोन्ही पक्षांत तडजोड झाली. २,००० रुपये स्वीकारून दादाजींनी निवाड्याची अंमलबजावणी करण्याचा हक्क सोडला. राणी व्हिक्टोरियाने हा विवाह रद्द केला, अशी समजूत आजही आढळते. परंतु खटल्याचा शेवट या तडजोडीने झाला. कायद्याच्या दृष्टीने निवाडा रखमाबाईंच्या विरोधातच राहिला.

स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेची तत्कालीन स्थिती

रखमाबाईंनी पुढे वैद्यकीय व्यवसायच का निवडला, हे समजण्यासाठी त्या काळातील स्त्रियांच्या आरोग्याची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. मुंबईसारख्या शहरात रुग्णालये होती, औषधे होती, डॉक्टरही होते. तथापि हे डॉक्टर पुरुष असल्यामुळे असंख्य हिंदू व मुस्लिम कुटुंबांतील स्त्रिया त्यांच्याकडून तपासून घेत नसत. घरातील पुरुषाने आजाराचे वर्णन करावे आणि त्यावरून डॉक्टरने औषध द्यावे, असाच बहुधा प्रघात असे. बाळंतपण तर सर्वस्वी सुईणीच्या हाती असे. सुईणींपाशी अनुभव होता, पण जंतुसंसर्गाचे ज्ञान नव्हते. कोंदट खोलीत, अस्वच्छ कापडावर व न धुतलेल्या हातांनी होणाऱ्या प्रसूतीत अडलेली बाळंतीण दगावणे हे नशिबाचे भोग मानले जाई. म्हणजे रुग्णालय गावात असूनही ते गावातील निम्म्या माणसांसाठी जवळजवळ नसल्यासारखेच होते.

ही उणीव दूर करण्याच्या हेतूने १८८० नंतर काही प्रयत्न सुरू झाले. मुंबईत सोराबजी बंगाली व जॉर्ज किट्रेज यांनी भारतीय स्त्रियांसाठी वैद्यकीय निधी उभारला. १८८३ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची दारे विद्यार्थिनींना खुली झाली. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय उभे राहिले. तेथील कामासाठी इंग्लंडहून डॉ. एडिथ पीची यांना पाचारण करण्यात आले. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांनी देशभर स्त्री-डॉक्टर पुरविण्यासाठी निधी स्थापन केला.

प्रश्न उरला होता तो भारतीय स्त्री-डॉक्टरांचा. आनंदीबाई जोशी यांनी मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविली होती व कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यानंतर आठवडाभरातच रखमाबाईंविरुद्धचा अंतिम आदेश सुनावण्यात आला.

इंग्लंडमधील शिक्षण

खटल्याच्या काळात डॉ. एडिथ पीची रखमाबाईंच्या पाठीशी होत्या. एडिनबरो विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी त्या स्वतः एक असल्यामुळे समाजाच्या विरोधाचा त्यांना पुरेपूर अनुभव होता. रखमाबाईंनी डॉक्टर व्हावे यासाठी त्यांनी प्रोत्साहन दिले. इंग्लंडमधील इव्हा व वॉल्टर मॅक्लारेन हे दांपत्य, ॲडलेड मॅनिंग व इतर हितचिंतकांनी साहाय्य उभे केले. इंदूरचे शिवाजीराव होळकर यांनी ५०० रुपयांची मदत दिली.

१८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या व लंडनच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे शिक्षण त्यांनी तेथील रॉयल फ्री रुग्णालयात घेतले. शालेय शिक्षण अर्धवट सुटलेल्या व इंग्रजी घरीच शिकलेल्या स्त्रीसाठी हा अभ्यासक्रम सोपा नव्हता. १८९४ मध्ये त्यांनी तो पूर्ण केला आणि स्कॉटलंडमधील वैद्यकीय संस्थांची संयुक्त परीक्षा उत्तीर्ण होऊन व्यवसायाचा परवाना मिळविला.

सुरत येथील कार्य

भारतात परतल्यावर रखमाबाईंनी काही काळ मुंबईच्या कामा रुग्णालयात काम केले. १८९५ मध्ये सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ सेवा केली.

सुरत हे जुने व्यापारी शहर होते. हिंदू, जैन, पारशी, बोहरा व इतर मुस्लिम अशा अनेक समाजांची तेथे वस्ती होती. प्रत्येकाचे सोवळे, पडदा व बाळंतपणाचे रिवाज निराळे होते. पण परक्या पुरुषापुढे जाण्याचा संकोच मात्र बहुतेक समाजांत होता. स्त्री-डॉक्टर उपलब्ध झाल्याने पहिला अडसर दूर झाला. तरीही रुग्णालयात जाणे म्हणजे मरणाच्या दारी जाणे, ही भीती लोकांच्या मनात घर करून होती. रुग्ण तेथे अगदी शेवटच्या अवस्थेत आणला जाई. त्यामुळे मृत्यूही अधिक होत आणि त्या मृत्यूंमुळे भीती आणखी बळावे. हे दुष्टचक्र भेदण्यासाठी औषधाइतकीच विश्वासाची गरज होती. एकाच गावात, एकाच रुग्णालयात वर्षानुवर्षे राहिलेल्या आणि स्त्रियांशी मिळूनमिसळून वागणाऱ्या डॉक्टरमुळे हा विश्वास निर्माण होऊ शकला.

रखमाबाईंच्या सुरतेतील कारकिर्दीच्या आरंभीच पश्चिम भारतावर प्लेगचे संकट कोसळले. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली ही साथ लवकरच गुजरातेत पोहोचली. पाठोपाठ १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ आला. तो गुजरातेत छप्पनियो म्हणून ओळखला जातो. अशा काळात स्त्रियांच्या रुग्णालयाची जबाबदारी सांभाळणे हे केवळ नोकरीचे काम राहिले नव्हते.

१९०४ मध्ये दादाजी भिकाजी यांचे निधन झाले. त्यानंतर रखमाबाई विधवेप्रमाणे पांढरे वस्त्र नेसू लागल्या. ज्या विवाहाला त्यांनी न्यायालयात विरोध केला, त्याच विवाहाचे वैधव्य त्यांनी स्वीकारावे, याचा अर्थ अभ्यासकांनी वेगवेगळ्या रीतीने लावला आहे. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

राजकोट येथील कार्य

१९१८ च्या सुमारास सरकारच्या स्त्री वैद्यकीय सेवेत येण्याचे निमंत्रण रखमाबाईंना मिळाले. ते त्यांनी नाकारले आणि काठेवाडातील राजकोट येथील रसूलखानजी जनाना रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. काठेवाड हा लहानमोठ्या अनेक संस्थानांचा प्रदेश होता. तेथील राजघराण्यांत व गरासदार कुटुंबांत पडद्याची प्रथा कडक होती. अशा घरांतील स्त्रियांना उपचारांसाठी बाहेर पडणेही दुरापास्त होते. म्हणूनच केवळ स्त्रियांसाठी असलेल्या जनाना रुग्णालयाला तेथे विशेष महत्त्व होते. १९२९–३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत त्या राजकोट येथेच कार्यरत होत्या.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर रखमाबाई मुंबईस परतल्या. याच सुमारास त्यांनी पडदा पद्धत नष्ट करण्याची आवश्यकता प्रतिपादन करणारी एक पुस्तिका प्रसिद्ध केली. या पुस्तिकेला त्यांच्या वैद्यकीय अनुभवाची पार्श्वभूमी आहे. पडद्यातील स्त्रियांवर उपचार करण्यात हयात घालविलेल्या डॉक्टरने, उपचार पडद्याच्या आत नेणे पुरेसे नाही, पडदाच दूर झाला पाहिजे, असा निष्कर्ष काढला होता. स्त्री-डॉक्टरांची संख्या वाढविणे ही तातडीची गरज होती. मात्र आजारी पडल्यावर कोणाकडे जावे हे स्त्रीने स्वतः ठरवावे, ही त्यामागची खरी निकड होती.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, मुंबई येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात आला होता. त्याने हिंदू स्त्रीला विवाहविच्छेदाचा कायदेशीर हक्क दिला. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेची तरतूद मात्र त्या कायद्यातही कायम ठेवण्यात आली.

मूल्यमापन

रखमाबाईंच्या खटल्याने बालविवाह व स्त्रीची संमती हे विषय सार्वजनिक चर्चेच्या केंद्रस्थानी आणले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर्षांवर नेण्यात आले. त्या कायद्यामागील वातावरण घडविण्यात या खटल्याचा मोठा वाटा होता. पतीकडे न जाणाऱ्या पत्नीला तुरुंगात टाकण्याची दिवाणी कायद्यातील तरतूद १९२३ मध्ये रद्द झाली.

भारतात व्यवसाय करणारी पहिली स्त्री-डॉक्टर असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो. तो काटेकोर नाही. कोलकात्याच्या कादंबिनी गांगुली यांनी १८८६ पासूनच वैद्यकीय व्यवसाय केला होता. तथापि मराठी भाषक स्त्रियांत परदेशी वैद्यकीय शिक्षण घेऊन दीर्घकाळ प्रत्यक्ष रुग्णसेवा करणाऱ्या आद्य डॉक्टर म्हणून रखमाबाईंचे स्थान निर्विवाद आहे. आनंदीबाईंना अकाली मृत्यूमुळे जे करता आले नाही, ते रखमाबाईंनी साडेतीन दशके केले.

त्यांचा खटला आणि त्यांचे वैद्यकीय कार्य यांकडे बहुधा दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणून पाहिले जाते. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न होता : स्त्रीच्या शरीरावर अधिकार कोणाचा? न्यायालयात त्यांनी हा प्रश्न स्वतःसाठी विचारला. रुग्णालयात तो अशा स्त्रियांसाठी होता, ज्यांना तो विचारण्याची संधीही नव्हती.

स्मृती व चित्रण

सुरत येथे त्यांच्या नावाने रुग्णालय आहे. मोहिनी वर्दे यांनी लिहिलेले डॉ. रखमाबाई : एक आर्त हे मराठी चरित्र १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. इतिहासकार सुधीर चंद्र यांनी या खटल्याचा सविस्तर अभ्यास करून १९९८ मध्ये इंग्रजी ग्रंथ लिहिला. अनंत महादेवन यांनी दिग्दर्शित केलेल्या डॉक्टर रखमाबाई या मराठी चित्रपटात (२०१६) तनिष्ठा चॅटर्जी यांनी त्यांची भूमिका साकारली. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी त्यांच्या १५३ व्या जयंतीनिमित्त गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र प्रसिद्ध केले. त्या चित्रात त्या स्त्री-रुग्णांच्या समवेत, गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या डॉक्टरच्या रूपात दिसतात.